प्रभाग रचनेतील राजकीय खेळी कशी ओळखावी आणि तिच्यावर हरकत कशी नोंदवावी

महापालिकेची किंवा नगरपालिकेची प्रारूप प्रभाग रचना प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचनांसाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत कोणाचा प्रभाग फुटला आणि कोणाला रचना सोयीची झाली याच्या बातम्या येतात, इच्छुक उमेदवार नकाशे घेऊन धावपळ करतात, आणि ज्यांच्या मताची किंमत त्या नकाशावर ठरणार असते ते मतदार मात्र या सगळ्यापासून दूर राहतात. हा लेख त्या मतदारांसाठी आहे. सीमा कशा फिरवल्या जातात, कागदपत्रांतून ते कसे शोधायचे आणि सुनावणीत टिकेल अशी हरकत कशी लिहायची, हे येथे क्रमाने सांगितले आहे. माझे म्हणणे असे की, प्रभागाचा आकार वेडावाकडा आहे की सुबक, यावर फारसा वेळ घालवू नये. मागील रचनेपेक्षा कोणती वस्ती कोठून उचलून कोठे टाकली, हे आधी शोधावे. खेळी झाली असेल तर ती तेथेच सापडते.

एकाच मतदानाचे तीन निकाल

समजा, एका गावात पाच हजार मतदार आहेत, एक-एक हजाराचे पाच प्रभाग करायचे आहेत आणि दोनच पक्ष आहेत. मोठ्या पक्षाकडे ३,००० मते आहेत, लहान पक्षाकडे २,०००. लहान पक्षाचे मतदार प्रत्येक प्रभागात ४०० असे समान पसरवले, तर तो पक्ष पाचही जागा हरतो. त्याचे मतदार ज्या भागांत एकवटून राहतात ते भाग अखंड ठेवले, तर त्याला साधारण दोन जागा मिळतात, आणि त्या त्याच्या मतांच्या प्रमाणात असतात. आता तिसरा नकाशा पाहावा. यात तीन प्रभागांत लहान पक्षाचे ५५० आणि मोठ्या पक्षाचे ४५० मतदार येतात, तर उरलेल्या दोन प्रभागांत मोठ्या पक्षाचे ८२५ आणि लहान पक्षाचे १७५. एकूण मते तीच राहतात, पण चाळीस टक्के मतांवर लहान पक्षाला पाचपैकी तीन जागा मिळतात.

सीमा फिरवण्याची सगळी विद्या या उदाहरणात येते. पहिल्या नकाशात लहान पक्षाची वस्ती फोडून तिचे तुकडे अनेक प्रभागांत वाटले गेले, त्यामुळे कोठेच बहुमत उरले नाही. तिसऱ्या नकाशात उलट केले गेले. मोठ्या पक्षाची मते दोन प्रभागांत कोंबली गेली, आणि तेथे तो प्रचंड फरकाने जिंकला तरी जिंकण्यासाठी लागणाऱ्या मतांपलीकडची त्याची सगळी मते वाया गेली. फोडणे आणि कोंबणे या दोन क्रिया लक्षात ठेवल्या की कोणताही नकाशा वाचता येतो.

या प्रकाराला जगभर जे नाव मिळाले ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्यावरून. त्यांनी १८१२ साली मान्यता दिलेल्या रचनेतील एसेक्स परगण्याचा एक मतदारसंघ सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसत होता, म्हणून गेरी आणि सॅलॅमँडर जोडून ‘गेरीमँडर’ हा शब्द तयार झाला. पुढे तेथे हा खेळ किती निर्दय झाला याचे उदाहरण अलाबामातील टस्किगी शहर आहे. १९५७ साली राज्याच्या कायद्याने या शहराची चौकोनी हद्द बदलून ती अठ्ठावीस बाजूंची केली. त्यामुळे सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सगळे शहराबाहेर पडले आणि एकही गोरा मतदार बाहेर गेला नाही. १९६० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा घटनाबाह्य ठरतो असा निर्वाळा दिला. परंतु वंशाऐवजी पक्षाच्या फायद्यासाठी सीमा फिरवल्या तर काय, या प्रश्नावर त्याच न्यायालयाने २०१९ साली पाच विरुद्ध चार मतांनी, संघराज्याची न्यायालये यात पडणार नाहीत, असे सांगितले. विस्कॉन्सिन राज्यात २०१८ साली डेमोक्रॅटिक पक्षाला विधानसभेसाठी राज्यभरात सुमारे ५३ टक्के मते मिळाली, पण ९९ पैकी ३६ जागाच हाती आल्या. काही जागा बिनविरोध झाल्यामुळे ती टक्केवारी थोडी फुगलेली होती, हे मान्य केले तरी उरणारी तफावत मोठीच आहे.

आपल्याकडे कळ कोठे आहे

लोकसभा आणि विधानसभा मतदारसंघांच्या सीमा आपल्याकडे सत्ताधाऱ्यांना सहज हलवता येत नाहीत. सध्याच्या सीमा न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे ठरवल्या आणि २००८ साली त्या लागू झाल्या. आयोगात खासदार-आमदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मतदानाचा अधिकार नसतो. प्रत्येक राज्याच्या जागांची संख्या तर घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांचे तसे नाही. येथे प्रत्येक निवडणुकीपूर्वी रचना नव्याने होऊ शकते, आणि नियमही बदलू शकतात. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक ही पद्धत टिकून आहे. पण राज्यातील इतर महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ साली एक सदस्याचे, २०१२ साली दोन सदस्यांचे आणि २०१७ साली चार सदस्यांचे. २०२२ च्या निवडणुकीसाठी महाविकास आघाडी सरकारने तीन सदस्यांचे प्रभाग ठरवले आणि मुंबईतील जागा २२७ वरून २३६ केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या सरकारने २०१७ चीच व्यवस्था परत आणली. मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य शासनाने आपल्याकडे घेतला, आणि त्या बदलाला विधिमंडळातील दोन्ही बाजूंचा पाठिंबा होता. ही खेळी एकाच पक्षाची नाही हे यावरून समजावे. २०२५ च्या फेरीत महापालिकांचा मसुदा प्रशासनाने तयार केला, तो नगरविकास विभागामार्फत आयोगाकडे गेला आणि त्यानंतर हरकतींसाठी प्रसिद्ध झाला.

प्रभागातील सदस्यसंख्या ही माझ्या मते आपल्याकडील सर्वांत परिणामकारक कळ आहे, आणि तिच्यावर सर्वांत कमी चर्चा होते. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात आणि प्रत्येक मतदार चारही जागांसाठी वेगवेगळे मत देतो. त्यामुळे संपूर्ण प्रभागात ४५ टक्के मते असलेला पक्ष, समोर मते विभागली गेली असतील तर, चारही जागा नेऊ शकतो. याच क्षेत्राचे चार स्वतंत्र प्रभाग असते, तर एखाद्या चाळीत, झोपडपट्टीत किंवा जुन्या गावठाणात घट्ट पाय रोवलेल्या स्थानिक कार्यकर्त्याला आपल्या भागापुरती एक जागा जिंकता आली असती. मोठ्या प्रभागात त्याला चौपट क्षेत्रात प्रचार करावा लागतो, आणि चार उमेदवारांचे पॅनल उभे करू शकणाऱ्या पक्षापुढे तो टिकत नाही. म्हणजे एकही रेषा वाकडी न ओढता, केवळ प्रभाग मोठा करून, वस्ती फोडल्याचा परिणाम साधता येतो. सदस्यसंख्येवर मात्र प्रभागाच्या सुनावणीत हरकत घेऊन उपयोग होत नाही, कारण ती कायद्याने ठरलेली असते. त्यासाठी आमदारांकडे आणि शासनाकडे, आणि तेही रचनेचा आदेश निघण्यापूर्वी, बोलावे लागते.

कागदपत्रे कोणती आणि ती केव्हा मिळवावीत

प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर पालिकेच्या मुख्यालयात, क्षेत्रीय कार्यालयांत आणि संकेतस्थळावर नकाशे लागतात. त्यासोबत प्रत्येक प्रभागाची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या, प्रभागाची व्याप्ती आणि उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा सीमांचे वर्णन दिलेले असते. अनेक जण केवळ नकाशाचे छायाचित्र काढून परत येतात. खरे काम वर्णनावर आणि लोकसंख्येच्या तक्त्यावर होते, म्हणून ते आधी मिळवावेत.

दुसरा संच मागील निवडणुकीच्या अंतिम रचनेचा असावा. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, प्रगणक गटांची यादी आणि नकाशा. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला दिलेला भाग म्हणजे प्रगणक गट. त्यात साधारण सहाशे ते आठशे लोक असतात आणि प्रभाग या गटांची जुळवणी करूनच बांधला जातो. ही यादी तक्त्यासोबत दिलेली नसेल तर कार्यालयात अवलोकनासाठी लेखी मागावी. माहितीच्या अधिकाराखाली उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते आणि हरकतींची मुदत त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. त्यामुळे तो अर्ज प्रारूप येण्याच्या कितीतरी आधी, निवडणुकीची चाहूल लागताच, करून ठेवावा. चौथा संच मतदान केंद्रनिहाय निकालांचा. मागील पालिका निवडणुकीचे केंद्रनिहाय आकडे पालिकेच्या निवडणूक शाखेकडे मागावेत. विधानसभेचे आकडे नमुना २० मध्ये असतात आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात.

काय हलले ते शोधणे

जुन्या आणि नव्या रचनेतील प्रत्येक प्रभागासमोर त्याच्या प्रगणक गटांचे क्रमांक लिहावेत आणि जे गट एका प्रभागातून दुसऱ्यात गेले त्यांच्यावर खूण करावी. सदस्यसंख्या बदललेली असेल तर सगळेच हललेले दिसेल. अशा वेळी पूर्वी एकत्र असलेले कोणते गट आता वेगळे झाले, एवढेच पाहावे. सदस्यसंख्या तीच असेल तर हे काम फार सोपे होते, कारण बहुतेक सीमा जशाच्या तशा राहतात आणि चार-दोन ठिकाणीच बदल दिसतात. त्या प्रत्येक बदलासाठी एकच प्रश्न विचारावा: हा बदल केला नसता तर कोणता नियम मोडला असता? कधी समाधानकारक उत्तर मिळते. जवळचे गाव हद्दीत आलेले असते, किंवा शेजारच्या प्रभागाची लोकसंख्या मर्यादेबाहेर गेलेली असते. २०१७ साली मुंबईत शहर भागातील प्रभाग कमी झाले आणि उपनगरांत वाढले, कारण लोकवस्ती खरोखरच उत्तरेकडे सरकली होती. जेथे असे कोणतेच कारण सापडत नाही, तेथे पुढील तपासणी करावी.

लोकसंख्येचे गणित

निकष असा आहे की पालिकेची एकूण लोकसंख्या भागिले एकूण सदस्य, गुणिले प्रभागातील सदस्य, ही प्रभागाची सरासरी लोकसंख्या धरावी आणि प्रत्यक्ष प्रभाग त्याच्या दहा टक्के वर किंवा दहा टक्के खाली या मर्यादेत असावा. समजा, शहराची लोकसंख्या ५,२५,००० आहे, सदस्य ८० आहेत आणि चार-चार सदस्यांचे वीस प्रभाग आहेत. सरासरी २६,२५० येते. म्हणून किमान २३,६२५ आणि कमाल २८,८७५.

ही मर्यादा पाळूनही किती मोठा अन्याय करता येतो ते पाहावे. विरोधकांचे बालेकिल्ले असलेल्या भागांचे नऊ प्रभाग केले आणि प्रत्येकात कमाल मर्यादेएवढे २८,८७५ लोक बसवले, तर त्यांत २,५९,८७५ लोक, म्हणजे जवळजवळ निम्मे शहर, सामावते. उरलेल्या २,६५,१२५ लोकांचे अकरा प्रभाग होतात, प्रत्येकी सुमारे २४,१००. एकही प्रभाग मर्यादेबाहेर गेलेला नाही. तरी एका निम्म्या शहराला ३६ नगरसेवक मिळाले आणि दुसऱ्याला ४४. म्हणून केवळ आपला प्रभाग मर्यादेत आहे की नाही हे पाहून थांबू नये. सगळ्या प्रभागांची लोकसंख्या उतरत्या क्रमाने लावावी, आणि सरासरीच्या वरचे प्रभाग शहराच्या एकाच बाजूचे किंवा एकाच प्रकारच्या वस्तीचे आहेत का, ते तपासावे. पसरण सरमिसळ असेल तर शंका घेण्याचे कारण नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि त्यामुळे २०२५ च्या रचनाही २०११ च्या आकड्यांवरच झाल्या. गेल्या दशकात इमारती उभ्या राहिलेल्या भागात कागदावरील लोकसंख्या आणि मतदार यादीतील नावे यांत प्रचंड अंतर पडलेले असते. अशा ठिकाणी नव्या वसाहतीतील मतदाराच्या मताची किंमत जुन्या शहरातील मतदाराच्या मतापेक्षा कमी होते. सुनावणीत या मुद्द्यावर दाद मिळत नाही, कारण नियमच जनगणनेचा आधार घ्यायला सांगतो. तरीही तो लेखी नोंदवावा.

आरक्षणाच्या क्रमावर नजर

अनुसूचित जातींसाठीच्या जागा, ज्या प्रभागांत त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण सर्वाधिक आहे तेथून उतरत्या क्रमाने दिल्या जातात. त्यामुळे एखाद्या प्रभागाचा क्रमांक काठावर असेल तर एक-दोन प्रगणक गट हलवून आरक्षण इकडून तिकडे नेता येते. वरच्याच शहरात समजा दहा प्रभागांना अशी जागा मिळणार आहे, दहाव्या क्रमांकाच्या प्रभागात हे प्रमाण १४.२ टक्के आहे आणि अकराव्यात १३.९ टक्के. दोन्हींतील फरक जेमतेम ऐंशी माणसांचा आहे. एक लहान वस्ती पलीकडे गेली की क्रम उलटतो. एकसदस्यीय प्रभागात अशा बदलामुळे खुल्या प्रवर्गातील मातब्बर नगरसेवकाला आपला प्रभाग वाचवता येतो किंवा प्रतिस्पर्ध्याला बाहेर काढता येते. चार सदस्यांच्या प्रभागात चारपैकी एकच जागा बदलते, म्हणून परिणाम सौम्य असतो. इतर मागासवर्ग आणि महिलांच्या आरक्षणात सोडतीचाही भाग असल्यामुळे तेथे सीमेचा उपयोग कमी होतो.

अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन करू नये, असा निकष आहे. तो वस्ती फोडण्यापासून संरक्षण देतो आणि हरकतीत त्याचा आधार अवश्य घ्यावा. मात्र याच निकषाचे नाव पुढे करून वेगवेगळ्या, एकमेकींना न लागणाऱ्या वस्त्या एका प्रभागात कोंबल्या जाऊ शकतात, म्हणजे आजूबाजूच्या तीन-चार प्रभागांत त्यांच्या मताला वजन उरत नाही. तेव्हा वस्ती अखंड राहिली का, हे पाहायचेच. शिवाय ती कोणाबरोबर आणि कशासाठी जोडली गेली, हेही पाहायचे.

कोणाची मते हलली

आता हललेले प्रगणक गट केंद्रनिहाय निकालांशी जोडून पाहावेत. केंद्र आणि प्रगणक गट यांच्या सीमा जुळत नाहीत, त्यामुळे अचूक आकडा मिळणार नाही, पण कोणत्या केंद्रात कोणत्या सोसायट्या आणि गल्ल्या येतात हे मतदार यादीवरून कळते आणि कल स्पष्ट होतो. तक्त्यात चार रकाने पुरेत: हललेला भाग, आधीचा प्रभाग, नवा प्रभाग, आणि मागील निकालात तेथे आघाडी कोणाची. दहापैकी नऊ बदल एकाच पक्षाच्या किंवा एकाच गटाच्या फायद्याचे निघाले तर योगायोगाचा बचाव टिकत नाही. बदल निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे असतील, तर प्रामाणिकपणे ते मान्य करावे. हा तक्ता हरकतीत जोडू नये. अधिकारी राजकीय परिणामांवर निर्णय देत नाहीत, नियमांवर देतात, आणि पक्षांची नावे आली की हरकत राजकीय ठरवून बाजूला ठेवणे सोपे जाते. कोणत्या बदलांवर शक्ती खर्च करायची हे आपले आपल्याला ठरवण्यासाठी तो तक्ता आहे. पत्रकारांना तो द्यायला हरकत नाही.

सीमेवर चालून येणे

सीमावर्णन असे असते: मुख्य रस्त्याने पूर्वेकडे शाळेच्या संरक्षक भिंतीपर्यंत, तेथून दक्षिणेकडे भिंतीलगत नाल्यापर्यंत, नाल्याने पुढे पुलापर्यंत. कागदावर हे सरळ वाटते. प्रत्यक्ष जाऊन पाहिले की भिंतीलगत रस्ताच नाही, सीमा ज्या ठिकाणी नाला ओलांडते तेथून पुढे ती एका चाळीच्या मधून जाते, किंवा नाल्यापलीकडच्या शंभर घरांना आपल्या प्रभागाच्या उरलेल्या भागात जायला मोठा वळसा पडतो, हे ध्यानात येते. नियमांनुसार सीमा नदी, नाले, डोंगर, मोठे रस्ते, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणांवरून जावी, एकाच इमारतीचे किंवा चाळीचे दोन प्रभागांत विभाजन होऊ नये, प्रगणक गट शक्यतो फोडू नये, आणि प्रभागातील लोकांचे दळणवळण, त्यांची शाळा, दवाखाना, बाजार यांचा विचार व्हावा. यांतील प्रत्येक गोष्ट छायाचित्राने दाखवता येते. क्रमांकनाचाही नियम आहे. रचना उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व, मग पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेत करायची असते. मध्येच हा क्रम मोडून एखादा प्रभाग उडी मारून आला असेल, तर तेथे अधिक बारकाईने पाहावे.

वाकडा आकार दिसताच आरोप करण्याचा मोह मात्र आवरावा. पुण्याच्या नकाशात लष्करी छावणीचे भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्यामुळे त्यांच्या कडेचे प्रभाग ओढाताण झालेले दिसणे स्वाभाविक आहे. नदीकाठच्या आणि टेकडीच्या पायथ्याच्या प्रभागांचेही तसेच.

हरकत लिहिणे

एका अर्जात एकच सीमा घ्यावी. “आमच्या प्रभागावर अन्याय झाला आहे” अशा छापील मजकुराच्या शेकडो प्रती दिल्या तरी त्यांची गणना एकाच मुद्द्यात होते आणि निकालही एकाच ओळीत लागतो. त्याऐवजी पुढील नमुन्यासारखी हरकत अधिक वजनदार ठरते.

“विषय : प्रारूप प्रभाग क्र. ७ व ८ यांमधील सीमेबाबत हरकत. प्रगणक गट क्र. ११२, ११३ व ११४ प्रभाग क्र. ८ मध्ये समाविष्ट केले आहेत. हे तीनही गट नाल्याच्या पश्चिमेस असून प्रभाग क्र. ८ चे उर्वरित सर्व क्षेत्र नाल्याच्या पूर्वेस आहे. या भागात नाल्यावर पूल नाही (छायाचित्र १ व २). नैसर्गिक सीमा आणि दळणवळण या दोन्ही निकषांशी ही रचना विसंगत आहे. तीनही गटांची एकत्रित लोकसंख्या २,०४० आहे. ते प्रभाग क्र. ७ मध्ये घेतल्यास प्रभाग क्र. ७ ची लोकसंख्या २४,८७० वरून २६,९१० आणि प्रभाग क्र. ८ ची २७,७७० वरून २५,७३० होते. दोन्ही आकडे २३,६२५ ते २८,८७५ या विहित मर्यादेत आहेत व अन्य कोणत्याही प्रभागाच्या सीमेत बदल करावा लागत नाही. सबब सदर गट प्रभाग क्र. ७ मध्ये समाविष्ट करावेत. सुनावणीची संधी मिळावी.”

यातील शेवटचे आकडे सर्वांत महत्त्वाचे आहेत. एक सीमा हलवली की शेजारची हलते आणि धक्का पाच प्रभाग पुढे जातो, या कारणाखाली पुष्कळ हरकती फेटाळल्या जातात. पर्यायी रचना दोन प्रभागांतच मिटते हे आपणच आकड्यांनी दाखवून दिले की ते कारण उरत नाही. गट नुसता काढून घेता येत नसेल तर तेवढ्याच लोकसंख्येचा दुसरा गट अदलाबदलीसाठी सुचवावा. अर्ज विहित कार्यालयात मुदतीत द्यावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी, कारण पोच नसेल तर सुनावणीला बोलावले जाण्याची खात्री नसते. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण, म्हणजे तेथील मतदारसंघ, यांच्यासाठीही हीच पद्धत चालते. तेथे २०२५ मध्ये प्रारूप जिल्हाधिकाऱ्यांनी प्रसिद्ध केले आणि हरकतींवर निर्णय विभागीय आयुक्तांकडे होता.

सुनावणी आणि त्यानंतर

सुनावणीत प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. मोठा छापील नकाशा, त्यावर दोनच रंगांत सध्याची आणि सुचवलेली सीमा, आणि आकड्यांचे एक पान, एवढे पुरे. त्या भागातील दोन-तीन रहिवाशांनी स्वतः येऊन मुलांची शाळा किंवा दवाखाना कोणत्या बाजूला आहे ते सांगितले, तर माजी नगरसेवकाच्या भाषणापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. आपले म्हणणे लेखीही द्यावे आणि ते कार्यवृत्तात घेण्याची विनंती करावी.

अंतिम रचना आल्यावर न्यायालयात जाण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. घटनेच्या कलम २४३-झेडजी नुसार प्रभागांच्या सीमा ठरवणाऱ्या कायद्याची वैधता न्यायालयात आव्हानित करता येत नाही, आणि निवडणूक जवळ आली की उच्च न्यायालये हस्तक्षेप करायला फारशी राजी नसतात. हरकतीच मागवल्या नाहीत, सुनावणीच दिली नाही किंवा लोकसंख्येची मर्यादा उघड मोडली, अशा प्रक्रियेतील दोषांवर रिट याचिकेला थोडा वाव राहतो, तोही अंतिम अधिसूचनेनंतर लगेच गेल्यास. म्हणून सारी शक्ती हरकतीच्या टप्प्यावरच लावावी.

यानंतर एक टप्पा राहतो आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. विधानसभेची मतदार यादी फोडून प्रभागनिहाय यादी केली जाते, आणि सीमेलगतच्या इमारती चुकून किंवा जाणूनबुजून शेजारच्या प्रभागात टाकल्या जातात. नकाशावर जिंकलेली सीमा येथे हरता येते. प्रारूप यादी आली की सीमेवरील प्रत्येक इमारतीतील दोन-चार नावे शोधावीत. संपूर्ण सोसायटी चुकीच्या प्रभागात गेली असेल तर एकेकट्याने अर्ज न करता रहिवाशांनी इमारतीचे नाव, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांकांसह एकत्रित हरकत द्यावी. निवडणूक झाल्यावर केंद्रनिहाय निकाल मागून घ्यावेत आणि अंतिम नकाशा, प्रगणक गटांची यादी व आपल्या हरकतीवरील निर्णय यांच्यासोबत एका धारिकेत ठेवावेत. पुढच्या रचनेच्या वेळी तुलनेसाठी जुनी कागदपत्रे पालिकेत शोधत बसावी लागणार नाहीत.